आज जीपचा कार्बोरेटर एकदाचा लागला

अख्खा दिवस जुन्या विलीज जीपच्या कार्बोरेटरपायी (इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेला, पण एक मिनिटही वाया गेलं असं वाटत नाहीये. बरेच जण म्हणत होते मोठा टू बॅरल (हवेच्या दोन नळ्यांचा) कार्ब टाक, पॉवर वाढेल, पण हे इंजिन २.२ लिटरचं, कमी आरपीएमवर ओढणारं, त्याला मोठ्या व्हेंच्युरीचा (हवा जाते त्या निमुळत्या गळ्याचा) कार्ब दिला की हवेचा वेग पडतो, जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल नीट ओढलंच जात नाही आणि चढावर नेमकी ताकद हवी तिथेच गाडी मरते. म्हणून मूळचा कार्टर डब्ल्यूओ कार्बच खोलून साफ करून परत बसवला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फ्लोटने, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाने. लेव्हल जराशी जास्त होती, सपाटीवर कळायचंही नाही, पण चढाला लागलं की पेट्रोल जास्त जाऊन इंजिन गुदमरायचं आणि मागे काळा धूर. फ्लोटची पत्ती केसभर वाकवायची, मोजायचं, परत वाकवायची, असं चार वेळा केलं तेव्हा कुठे ३/८ इंच बरोबर आलं.

मग इंजिन पूर्ण गरम करून आयडलचा स्क्रू (गाडी उभी असतानाचं हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा), आधी अलगद आत (जोरात पिळला तर टोकाला खाच पडते, हे प्लीज लक्षात ठेवा), मग दीड फेरा बाहेर आणि तिथून पाव पाव फेरा. व्हॅक्यूम गेजचा (इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणाऱ्या मीटरचा) थरथरणारा काटा एकदम स्थिर झाला ना, अंगावर शहारा आला.

संध्याकाळी गाडी गुदमरायची तोच चढ, लो रेंज (जास्त ओढ देणारा हळू गियर सेट), दुसरा गियर, एकदाही अडखळली नाही. वर पोचल्यावर इंजिन चालूच ठेवलं आणि नुसता ऐकत बसलो.