तिथे बघतं कोण?

स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंडात कापसाचे बोळे असताना लोकांनी मला हे विचारलंय: ‘मॅडम, तुम्ही ते सगळं सोडून स्वतःचंच काहीतरी चालवता म्हणे. पण तिथे बघतं कोण?’ बोळ्यांमुळे त्या दिवशी नुसतं ‘हं’ म्हणता आलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते: मोठा सोशल मीडिया सोडून मी माझ्या फुलांच्या नोंदी घरच्याच एका छोट्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या संगणकावर, का टाकते ते.

मी साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. पावसाळा सुरू झाला की मिळेल त्या सुट्टीला पठारावर असते. कास, ठोसेघर, चाळकेवाडी. 2012 मध्ये कास पठारासकट पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि आमच्याकडे अचानक सगळ्यांनाच फुलांची नावं हवीशी झाली. त्याच पावसाळ्यात मी एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर नोंदी टाकायला लागले. फोटो, मराठी नाव, शास्त्रीय नाव, तारीख, आणि कळ्या आहेत, फुलं आहेत की बोंडं धरलीत ते. तेरडा, सोनकी, वायतुरा, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी. दहा वर्षांत तीनेक हजार नोंदी झाल्या. माझ्या दृष्टीने ती वहीच होती. फक्त ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये, ऐन बहरात, एका सकाळी ते कपाट उघडेना. खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली, एवढंच वाक्य. आदल्या रात्री मी तेरड्याचे 31 फोटो एकामागून एक चढवले होते, त्याचा संशय आला असावा. असावा म्हणायचं, कारण सांगितलं कोणीच नाही. मग स्वतःचा व्हिडिओ मागितला. मान डावीकडे, उजवीकडे, वर, आता हळूच खाली. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम मी पंचवीस वर्षांपूर्वी एकदा केला होता, त्यात निदान समोर पोहे खाणारी माणसं होती. 19 दिवसांनी खातं आपोआप सुरू झालं. का बंद केलं, का उघडलं, काही नाही.

लोकांना वाटतं मी तेव्हा चिडून सोडलं. छे! मी इतकी खूष झाले की त्याच संध्याकाळी ‘सीतेची आसवं’ या फुलांचा फोटो टाकला. सोडलं ते पुढच्या वर्षी, आणि त्यात माझीही चूक होती. ती सहसा मी सांगत नाही.

कंदीलपुष्प तुम्ही पाहिलंय का? गवतात वितभर उंचीचं रोप, आपल्याकडे लक्ष जाणार नाही अशी काळजी घेतल्यासारखं. फूल म्हणजे एक नळी, तळाशी फुगीर, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून कंदिलासारखी झालेली. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीकशी माशी वासाने आत उतरते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. मग ती तळाशी अडकून राहते, तिच्या अंगाला पराग चिकटतात, आणि काही काळाने केस सुकून गळाले की फूल तिला सोडून देतं. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. यातल्या कित्येक जाती फक्त पश्चिम घाटात सापडतात, काही तर एखाद्या पठारापुरत्या. जमिनीत कंद असतो, आणि तो खातात.

ऑगस्ट 2023 मध्ये मला एका उतारावर सहा रोपं दिसली. मी जागेचं नाव लिहिलं नाही. एवढी अक्कल होती. फोटो मात्र छान यावा म्हणून जमिनीवर आडवी पडून काढला, आणि मागे धुक्यात दोन पवनचक्क्या आल्या. मला वाटलं होतं नेहमीप्रमाणे ओळखीचे पाच-सहाशे लोक बघतील. त्या आठवड्यात त्या प्लॅटफॉर्मच्या मनात काय आलं कोण जाणे, तो फोटो चार हजारांवर लोकांनी पुढे पाठवला. खाली कुणीतरी पवनचक्क्यांच्या रांगेवरून जागा ओळखली आणि कौतुकाने वाट समजावून सांगितली: चहाच्या टपरीपासून डावीकडे.

पुढच्या रविवारी गेले तर गवत चटईसारखं झोपलेलं. वेफर्सची पाकिटं. सहापैकी दोन रोपं उभी होती. दोन तुडवलेली. आणि दोन जागी बोटभर खोल, नीट उकरलेले खड्डे.

मी फोटो काढून टाकला. त्याच्या प्रती फिरतच राहिल्या. कोणी वाईट हेतूने काही केलं असं मी म्हणत नाही, खड्डे सोडले तर. पण मी बोलले होते ओळखीच्यांशी. ते आख्ख्या जत्रेला ऐकवायचं हे ठरवलं दुसऱ्याच कुणी, आणि ठरवताना मला विचारलं नाही. आधीच्या वर्षी खातं बंद करताना विचारलं नव्हतं, तसंच.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. तो आयटीत आहे. मी म्हटलं, आता नोंदी स्वतःच्या जागेत ठेवायच्यात. त्याने आधी मला परावृत्त करायचा प्रयत्न केला. ‘मावशी, नोव्हेंबर 2019 आठवतंय? सर्वोच्च न्यायालयातले ते ज्येष्ठ वकील, संजय हेगडे, त्यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि इथून लोकांचा लोंढा मॅस्टोडॉनवर गेला. मीपण गेलो. महिन्याभरात बहुतेक सगळे परत.’ मी म्हटलं, तू परत आलास म्हणून मी जाऊ नये की काय.

हे मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच पोस्ट टाकायचं साधन, 2016 मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोचको यांनी सुरू केलं. गंमत अशी की ती एक जागा नाही. ज्याला हवं त्याने ते आपल्या सर्व्हरवर चालवायचं. माझा सर्व्हर माझा, तुमचा तुमचा, आणि तरी मी तुम्हाला फॉलो करू शकते. ईमेल जशी एका कंपनीच्या खात्यावरून दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर जाते, तसं. यासाठी लागणारी सामाईक भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिला जानेवारी 2018 मध्ये मान्यता दिली. मी पोस्ट टाकली की माझा सर्व्हर ती माझ्या फॉलोअर्सच्या सर्व्हरांना पोचवतो आणि ते आपल्याकडे तिची प्रत ठेवतात. ही प्रतीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅस्टोडॉन एकटीसाठी चालवणं मात्र जड. पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशा प्रोग्रॅमांची तीन-चार बिऱ्हाडं एका घरात नांदवायची. मी गो-टू-सोशल नावाचं घेतलं. तीच भाषा बोलतं, पण एवढंसं आहे, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर मजेत चालतं. त्याला लिहायला स्वतःचं पान नाही. फोनवर टस्की नावाचं ॲप घेतलं, त्यातून लिहिते. एका पोस्टला 5000 अक्षरांची मुभा आहे, म्हणजे शास्त्रीय नावावरचं भांडणसुद्धा एका दमात मावतं.

तीन गोष्टींनी डोकं खाल्लं. पहिली, नाव. सर्व्हरचं नाव एकदा ठरलं की ते बदलता येत नाही. बदललंत तर बाकी जगाच्या लेखी तुम्ही वेगळं माणूस. भाचा म्हणाला, चमकदार टोकाच्या नावांच्या नादी लागू नकोस. त्याचं म्हणणं पुढच्या फेब्रुवारीतच पटलं. अफगाणिस्तानच्या .एएफ या टोकाचं नाव घेतलेल्या एका सर्व्हरचं नावच तिथल्या सरकारने काढून घेतलं. मी साधं .इन घेतलं. दुसरी, घरची लाइन. आपल्या बहुतेक घरगुती ब्रॉडबँडला बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता (आयपी) मिळत नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवते. मग मुंबईत एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमने बोगदा काढला, म्हणजे बाहेरून येणारं त्यातून घरी पोचतं. महिन्याला चारशे रुपये पडतात. सगळंच तिथे का ठेवलं नाही, असं भाचा अजून विचारतो. फोटो माझ्या घरात हवेत, एवढंच माझं उत्तर आहे. ते तांत्रिक नाही हे मला कळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जुनी वही. त्या प्लॅटफॉर्मने मागितल्यावर सगळा डेटा दिला, पण उघडून बघते तर मराठीच्या जागी नुसत्या तिरप्या रेघा, यू आणि आकडे. तेरडा कुठला आणि सोनकी कुठली काही कळेना. भाच्याने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून अक्षरं परत आणली. त्या रात्री आमच्याकडे फराळ सोडून पडद्यावर ‘कळ्या, तुरळक’ वाचत बसायचा कार्यक्रम झाला.

यंत्र राहतं देवघराच्या वरच्या फळीवर, राऊटरशेजारी, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथेच आहे. खंडेनवमीला सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू भोकांतून आत गेलं. मी ब्रशने काढलं, पण एक बाजू अजून गुलाबी आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये या सगळ्या जाळ्यावर स्पॅमची लाट आली. स्पॅम नावाच्या डबाबंद मांसाचेच फोटो, शब्दशः. ती यायची कुठून, तर कुणीतरी हौसेने उभारलेल्या, नोंदणी सताड उघडी टाकून विसरलेल्या छोट्या सर्व्हरांवरून. माझ्याकडे नोंदणी पहिल्यापासून बंद. तरी दोन रात्री एकेक सर्व्हर ब्लॉक करत बसले. मोठ्या प्लॅटफॉर्मवर हे काम दुसरं कुणीतरी करत असतं आणि ते आपल्याला दिसतही नाही, हे त्या दोन रात्रींत कळलं. त्यांना तेवढं श्रेय द्यायला हवं.

खरी फजिती जूनमध्ये झाली. पहिल्या वळवाला वीज चार-पाच वेळा गेली-आली, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, आणि रास्पबेरी पायमधलं मेमरी कार्ड मेलं. बॅकअप होता पाच आठवड्यांपूर्वीचा. दर रविवारी घेईन म्हटलेलं, आणि मे महिना म्हणजे लग्नं. नवीन कार्डावर जुना बॅकअप चढवला. सर्व्हर उठला, पण मधल्या 23 नोंदी नाहीत. मी कपाळाला हात लावून बसले होते तेवढ्यात स्टुटगार्टहून निरोप आला. तिथे एक मराठी गृहस्थ आहेत, बाल्कनीत तेरडा लावतात. ‘ताई, तुमच्या नोंदी माझ्याकडे दिसतायत की.’ त्यांच्या सर्व्हरवर प्रती होत्या. फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी, पण मजकूर सगळा शाबूत. त्यांनी 23 च्या 23 उतरवून पाठवल्या. फोटो फोनमध्ये होतेच.

याची दुसरी बाजूही सांगते. त्या 23 पोस्ट अजून जर्मनीत आहेत आणि मला त्या पुसता येत नाहीत. माझा सर्व्हर त्या विसरलाय, त्यामुळे पुसा असं तो कुणाला सांगूच शकत नाही. एकीत जातीचं नाव चुकलंय. ते तसंच राहणार.

तर, बघतं कोण? आज 143 लोक. रत्नागिरीतल्या एक निवृत्त बाई, त्या कोकणातल्या कातळसड्यांवरची फुलं टाकतात. केरळातले दोघं. एक डच माळी, त्याच्याशी आमचं लॅटिन नावांवर चालतं. बाकी बरेच नुसते येऊन बसतात, कधी बोलत नाहीत. वर्गातल्या निम्म्या मुलांसारखे.

जे गेलं तेही गेलंच. आमच्या शाळेच्या बाई वारल्या ते मला दोन आठवड्यांनी कळलं, कारण बातमी जुन्या ठिकाणी होती आणि मला कळवायला हवं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माजी विद्यार्थी तिकडेच आहेत. आणि एकटीच्या सर्व्हरवर दुसऱ्यांच्या गप्पांतली अर्धीमुर्धी उत्तरंच पोचतात. पलीकडच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून ऐकावं तसं. कधीकधी ओशाळवाणं होतं, दहा जणांनी आधीच सांगितलेलं मी अकरावी जाऊन सांगते.

तुम्ही करावं का? हाताशी भाचा नसेल तर मी म्हणेन नको. ओळखीच्या, नीट चालवलेल्या एखाद्या सर्व्हरवर खातं काढा. पुढे हलावंसं वाटलं तर फॉलोअर्स बरोबर नेता येतात, जुन्या पोस्ट नाही. आणि स्वतःचं काढलंत तर बॅकअप घ्या. लग्नं असली तरी.

यंदा त्या उतारावर तीन रोपं आली. मी आडवी पडून फोटो काढला, आधी पवनचक्की येत नाही ना ते बघून. गो-टू-सोशल फोटोतली जागेची माहिती आपणहून काढून टाकतं, तरी मी ती आधीच हाताने काढते. फक्त फॉलोअर्सना दिसेल अशी पोस्ट टाकली. रत्नागिरीच्या बाईंनी लिहिलं, आमच्याकडे यंदा अजून पत्ता नाही. स्टुटगार्टवाल्यांनी विचारलं, आत माशी होती का?

होती.