तंबोरा पेटी, दुसरी बॅच: 57 नंबरच्या पॅडचा पिच्छा

चोर सापडला! इलेक्ट्रॉनिक तंबोरा पेटीच्या दुसऱ्या बॅचमधले जे बोर्ड यूएसबीला लावले तरी लॅपटॉप ढिम्म हलत नव्हता, त्यातल्या एकाच्या आरपी2040 या मुख्य चिपवर बोट दाबून धरलं आणि केबल लावली, तर लॅपटॉपवर चिपचा यूएसबी ड्राइव्ह हजर. बोट काढलं की गायब. जवारीचा (तारेच्या झंकाराचा) नवा कोड, क्रिस्टल, फ्लॅश मेमरी, सगळे निर्दोष सुटले.

या चिपला कडेने 56 पाय, 0.4 मिमी अंतराने. ग्राउंडचा पाय त्यात एकही नाही. सगळा ग्राउंड पोटाखालच्या 57व्या पॅडमधून, म्हणजे धातूच्या चौकोनातून, जातो. आपल्या स्टेन्सिलमध्ये (सोल्डर पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्यात) त्या पॅडला अख्खी खिडकी आहे, त्यामुळे तिथे पेस्ट जास्त पडते, वितळल्यावर फुगते आणि पाटाखाली खडा यावा तशी चिप एका अंगाला कलते. दुसऱ्या अंगाचे पाय अधांतरी. भिंगातून बघितलं तर पॅडवरचं सोल्डर चकचकीत, पण पाय आणि सोल्डर यांच्यामध्ये केसाएवढी काळी फट.

आधी सोपा मार्ग: भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा लेप), हॉट एअर, सोल्डर वितळलं की चिमट्याने चिप हलकेच खाली दाबायची. काही बोर्ड असे उठलेही, पण एकाची जादा पेस्ट बाहेर पिचकारून पायांत शॉर्ट झाला. मग चिप काढा, विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या पट्टीने) पॅड साफ करा, नव्याने बसवा. यात चिप गेली तर शंभरेक रुपये, त्याचं दुःख नाही. महाग पडतं ते आजूबाजूचं. टाइप-सी सॉकेटचं प्लास्टिक वितळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तापवणीत पॅड उखडला की डॅकसकट (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपसकट) अख्खा बोर्ड भंगारात. म्हणून आता नियम: चिप एकदाच काढायची. तरी नाही उठला, तर बोर्ड सुट्या भागांच्या डब्यात. रविवारची दुपार फुकट धरली तर प्रत्येक दुरुस्ती स्वस्तच वाटते हो.

गेल्या वेळी कुणीतरी 138 अंशांना वितळणारी बिस्मथ पेस्ट सुचवली होती. चिप काढायला झकास, पण पॅडवर तिचा अंश राहू देऊ नका. शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की 96 अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण तयार होतं. मी 63/37 (कथील-शिसं) सोल्डरवरच आहे: 183 अंशांना वितळतं, बिनशिश्याच्या सॅक305 सोल्डरला 217 लागतात. तेवढाच बोर्डाला कमी ताप.

हत्यारांबद्दल: स्वस्तातल्या 858 छाप हॉट एअरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, नोझलपाशी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) धरून बघा. खालून तापवायला छोटा प्रीहीटर घेतला, पैसे वसूल. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बड्या ब्रँडच्या नावाने मिळणारी फ्लक्सची सिरिंज... नकली आहे हे वासावरूनच कळतं.

पुढच्या बॅचला मधल्या खिडकीचे चार तुकडे करून पेस्ट साधारण निम्म्यावर आणणार, असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं: 57व्या पॅडच्या मधोमध मोठं प्लेटेड (आतून धातूचा मुलामा असलेलं) भोक ठेवलं तर? पोटाखाली पेस्टच नको. कडेचे पाय आधी नीट बसवायचे आणि ग्राउंड मागून साध्या सोल्डरिंग आयर्नने भरायचा. बिघडलं तर मागूनच तापवून सोल्डर ओढून घ्यायचं, म्हणजे चिप काढणंही सोपं. स्टेन्सिलचे चार तुकडे रद्द. (सरळ याच चिपचं तयार पिको मॉड्यूल लाव म्हणणाऱ्यांनो, 51 मिमी लांबीचं ते धूड या पेटीत मावत नाही.)

जोडणीही दोन टप्प्यांत करणार. आधी फक्त रेग्युलेटर, फ्लॅश, चिप आणि सॉकेट. 1.1 व्होल्टची रेल (चिपचा वीजपुरवठा) मोजायची, ड्राइव्ह दिसला तरच डॅक, पॉट (फिरवायची खुंटी), स्पीकर. सगळं जोडून षड्ज-पंचम लावायला गेल्यावर बोर्ड मेलेला कळण्यापेक्षा हे बरं.

पॅड जेमतेम 3 मिमीचा आहे. भोक 1.5 मिमीचं ठेवू की 2 चं? कुणी करून बघितलं असेल तर सांगा, गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइली) पाठवायच्या थांबवल्यात.