देवाची आकडी

स्मरणिका समितीचा निरोप आला, 'शाळेने मला काय दिले, यावर लिहा.' दोन रात्री कागद घेऊन बसलो. गणिताच्या सरांवर लिहावं, स्नेहसंमेलनावर लिहावं असं ठरवायचं आणि कागदावर उतरायच्या त्या शास्त्राच्या बाईच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आपल्या वेळापत्रकात 'शास्त्र' दोनदा यायचं, आठवतं ना? एक प्रयोगशाळेतलं आणि एक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. नवा मुलगा हमखास चुकीची वही घेऊन यायचा. दोन्ही विषयांना बाईच होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की पवित्र शास्त्राच्याच, हे सांगावं लागत नसे.

सहावीत असताना मला आकडी यायला लागली. पहिली आली तीच सकाळच्या प्रार्थनेत, सगळ्या शाळेसमोर. मला त्यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा वरून वाकून बघणारे चेहरे आणि ओली झालेली चड्डी, एवढंच. आठवडाभरात माझं नावच 'आकडी' पडलं. पण खरा त्रास आकडीचा नव्हता, ती परत कधी येईल या धास्तीचा होता. रांगेत उभा राहिलो की धास्ती, फळ्याजवळ बोलावलं की धास्ती. मी हळूहळू भिंतीकडेच्या बाकावर सरकलो आणि तिथंच राहिलो.

त्याच सुमारास बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ म्हणायचं आलं. वचनं सहा, ओळीनं एकेकानं एकेक म्हणायचं. मी बाकं मोजली. चौथं वचन माझ्या वाट्याला येत होतं. ज्यांना ते स्तोत्र पाठ आहे त्यांना माझी गत कळली असेल. मृत्युच्छायेची दरी कशीबशी ओलांडली, 'तू मला सोबत आहेस' इथवर आलो, 'तुझी' म्हटलं आणि थांबलो. पुढचा शब्द सगळ्या वर्गाला ठाऊक होता. मागे खुसखुस सुरू झाली. 'देवालापण येते रे,' असं कुणीतरी म्हणालं.

बाई रागावल्या नाहीत. वर्गाच्या कोपऱ्यात उंच झडपा उघडायची ती लांब काठी उभी असायची, टोकाला लोखंडी आकडी बसवलेली. ती घेऊन आल्या, आकडी माझ्या कॉलरीत अडकवली आणि मला बाकावरून उठवून अलगद स्वतःकडे ओढलं. "ही आकडी," वर्गाला म्हणाल्या. "मेंढरू कड्यापाशी गेलं की मेंढपाळ त्याला असं मागं ओढतो. आणि काठी लांडग्यासाठी असते, मेंढराला बडवायला नव्हे." मग माझ्याकडे वळून, "हं, म्हण पुढं." मी म्हटलं, 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' वर्ग हसत होता, मीही हसत होतो. नाव काही सुटलं नाही. दोघेतिघे अजून फोनवर त्याच नावानं हाक मारतात, आणि आता मला ते गोड वाटतं.

दुसऱ्या दिवशी मला काहीतरी आणायला पाठवून त्यांनी वर्गाला माझ्याविषयी समजावलं, हे मला फार नंतर कळलं. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टर. शास्त्राच्या तासाला हेही शास्त्र त्यांनी शिकवलं.

पण माझ्या मनात एक गाठ होती. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नवव्या अध्यायातला तो मुलगा, फेस गाळणारा, आगीत-पाण्यात पडणारा. त्याच्यात दुष्ट आत्मा होता म्हणे. मग माझ्यात? एकदा मधल्या सुट्टीत रडत विचारलं. बाईंनी शुभवर्तमान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "प्रभू येशूनं त्या मुलाच्या बापाला आधी काय विचारलं, वाच." मी वाचलं. हे त्याला किती दिवसांपासून होतंय, एवढाच तो प्रश्न होता. बाप म्हणाला, बाळपणापासून. "डॉक्टरांनीही तुझ्या आईला हेच विचारलं होतं ना?" बाई म्हणाल्या. "आणि शेवटी त्यानं मुलाचा हात धरून त्याला उठवलं. तू तेवढं लक्षात ठेव." आत्म्याबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. आज वाटतं, त्यांच्याकडेही त्याचं सोपं उत्तर नसावं, आणि ते त्यांनी उगाच बनवलं नाही.

त्यांचा तो स्वभावच होता. 'भिऊ नको' हे शब्द बायबलमध्ये ३६५ वेळा, म्हणजे दर दिवशी एकदा आहेत, असं कुणीतरी वर्गात सांगितलं, तर त्यांनी आम्हाला गटागटानं मोजायलाच बसवलं. ३६५ काही भरले नाहीत. "मग?" म्हणाल्या. "आई रोज मोजून जवळ घेते का?"

एकानं माझ्या आईला सांगितलं होतं की गोळ्या म्हणजे अविश्वास, बंद करा आणि नुसती प्रार्थना करा. आईनं केल्या. चौथ्या दिवशी आकड्यांवर आकड्या. बाई घरी आल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता! प्रेषित पौलानं त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय!" तेव्हापासून शाळेच्या दारात त्या आधी विचारायच्या, गोळी घेतलीस? मग, प्रार्थना केलीस?

पुढे बरंच झालं. शिकलो, नोकरी लागली, गेल्या वर्षी विभागप्रमुख झालो. हाताखाली ४० माणसं आहेत आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं असतं. भीती जात नाही. छप्पन्नाव्या स्तोत्रात दावीद शत्रूंच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, हाती सापडलेला असताना देवाला म्हणतो की भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. वाटणारच नाही, असं तोही म्हणत नाही. एमआरआयच्या त्या बोगद्यात, डोक्याभोवती ठणठणाट चाललेला असताना, मी तेविसावं स्तोत्र म्हणत होतो आणि इतक्या वर्षांत प्रथमच लक्षात आलं. दुसऱ्या-तिसऱ्या वचनात देव 'तो' आहे. तो मला नेतो, तो मला चालवतो. दरी आली आणि एकदम 'तू'. बाईंनी हे सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलंही असेल, मी बाकं मोजत असेन.

त्या गेल्या तेव्हा मला यायला जमलं नाही. कामाचं कारण होतं, आता ते आठवायलाही लाज वाटते.

शाळेचे नवे फोटो पाहिले. इमारत छान झाली आहे. खिडक्या सरकत्या काचेच्या आहेत, उंच झडपा गेल्या, म्हणजे त्या काठीचंही काम संपलं. अडगळीच्या खोलीत ती कुणाला दिसली तर टाकू नका. कार्यक्रमाला येईन तेव्हा मी घेऊन जाईन.