हलकी सिंगल शॉट रायफल: रेंजवरच्या सवयी डोंगरावर नेताना

इंदूरच्या रेंजवर एअर रायफल मारणाऱ्याला एका वेळी एकच छर्रा भरायची सवय असतेच. त्यामुळे स्कॉटलंडला किंवा ऑस्ट्रियाला राहणाऱ्या नातेवाइकाने हरणाच्या शिकारीला बोलावलं आणि हातात सिंगल शॉट रायफल येणार असं कळलं, की आपल्या मंडळींना वाटतं, हे तर आपलंच काम. एकच गोळी असण्याने खरोखर फारसं अडत नाही. अडतं ते वजनापाशी, आणि त्याची कल्पना रेंजवर येत नाही.

आधी कायद्याचं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटवला. होळकरांची रालामंडळची शिकारगाह आता अभयारण्यात आहे. तिथे हरणं बघायची आणि घरी यायचं. स्कॉटलंडचं गणित वेगळं आहे. तिथला लांडगा केव्हाच नामशेष झाला, त्यामुळे हरणांची संख्या माणसालाच आटोक्यात ठेवावी लागते. रायफल कशी हवी हेही कायद्यात लिहिलेलं आहे: तांबड्या हरणासाठी गोळी किमान 80 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप; 2023 पर्यंत ही अट 100 ग्रेनची होती), वेग सेकंदाला 2,450 फूट आणि ऊर्जा 1,750 फूट-पाउंड. छोट्या रो हरणाला 50 ग्रेन आणि 1,000 फूट-पाउंड पुरतात, वेगाची अट तीच. .243 विंचेस्टर हे काडतूस या दोन्हींत बसतं, म्हणून हलक्या रायफलींत ते जास्त दिसतं.

आता रायफल. सर्वांत हलकी जात म्हणजे दुनळी बंदुकीसारखी मधोमध मोडणारी, जर्मनीकडे तिला किपलाउफ म्हणतात. ब्लेझर के-95 हे तिचं ठळक उदाहरण. स्कोपशिवाय (नेमाच्या दुर्बिणीशिवाय) अडीच किलोच्या आसपास. दुसरी जात खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा भरताना खाली सरकतो. 1872 चं फर्कहारसनचं पेटंट किंवा अलीकडची रूगर नंबर वन त्यातली. ती दणकट, पण डोंगर चढताना वजन जाणवतं. दोन्हींत बोल्ट मागेपुढे सरकवायला जागा लागत नाही, त्यामुळे 60 सेंमीची पूर्ण नळी असूनही एकूण लांबी बोल्ट रायफलपेक्षा साधारण 10 सेंमी कमी भरते. मोडणारी रायफल तर नळी काढून पाठीवरच्या सॅकमध्ये जाते.

ही बचत फुकट मिळत नाही. .243 ची 100 ग्रेनची गोळी आणि स्कोपसकट तीन किलोची रायफल धरली तर मागे येणारा धक्का सुमारे 16 ज्यूल होतो. तेच काडतूस सव्वाचार किलोच्या रायफलीत 11 ज्यूलवर येतं. .308 घेतलंत तर तीन किलोला 25 ज्यूल. खांदा सहन करतो, पण डोळा आधीच मिटायला लागतो, आणि निशाणा तिथेच बिघडतो. टेबलावरून एका बैठकीत पंधरा-वीस गोळ्यांच्या वर जाऊच नये. बाकीचा सराव .22 वर किंवा रिकाम्या डमी काडतुसावर करावा.

एअर रायफलवाल्याची सगळ्यांत धोक्याची सवय म्हणजे डोळा पीप साइटला, म्हणजे नेमाच्या बारीक छिद्राला, जवळजवळ चिकटवणं. स्कोपला आठ-नऊ सेंमी अंतर ठेवावंच लागतं. चढावर पालथं पडून वरच्या दिशेने नेम धरताना मान आपोआप पुढे सरकते, आणि हलकी रायफल मागे आली की स्कोपची कडा भुवई फोडते. रायफल हातात आल्यावर पहिलं काम हेच: डोळे मिटून दस्ता गालाला लावा, मग उघडा. पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर आली तर स्कोप पुढेमागे करून घ्या, मान ताणून जुळवू नका. स्कोपही बेताचा हवा. 6x42 चा, म्हणजे सहापट मोठं दाखवणारा आणि 42 मिमीच्या भिंगाचा, साधा पुरे. 56 मिमीचं भिंग चढवलं की रायफल वर जड होते आणि हातात कलंडते. एवढी हलकी रायफल घेऊन तिच्यावर असा स्कोप बसवणारे भेटतात, त्यांना काय म्हणावं!

चापाचं तसंच. स्पर्धेच्या एअर रायफलीचा चाप शंभर-सव्वाशे ग्रॅमला सुटतो आणि रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, त्यामुळे बोटाच्या चुका वजनात लपतात. शिकारी रायफलीचा चाप 700 ते 900 ग्रॅमचा असतो आणि रायफल निम्म्या वजनाची. बोट किंचित तिरकं ओढलं तरी नळीचं तोंड हलतं. काही जर्मन रायफलींना चाप पुढे ढकलून हलका करायची सोय असते. थंडीने बोटं बधिर झालेली असताना ती वापरू नये. स्पर्श झाला की गोळी सुटते. हलका केलेला चाप पूर्ववत करायचा तर आधी रायफल मोडून काडतूस बाहेर, मगच चापाला हात.

झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, बारीक नळीचा स्वभाव ओळखावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत ती तापते आणि छिद्रं बहुधा वर चढत जातात. नवखा माणूस त्या मागे स्कोप फिरवत बसतो आणि थंड नळीचा झिरो घालवतो. हरणावर जाणारी गोळी थंड नळीतूनच जाणार, म्हणून दोन गोळ्यांमध्ये दहा मिनिटं थांबा. तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी मोजू नका. मोडणाऱ्या रायफलीत पुढचं लाकूड नळीलाच जोडलेलं असतं, त्यामुळे टेकू कुठे दिला यावरही गोळी सरकते. टेकू नेहमी बिजागरीजवळ द्या. नळी थेट सॅकवर किंवा दगडावर टेकवलीत तर गोळी वर जाते. पट्टा हाताला गुंडाळून ताणायची रेंजवरची पद्धतही इथे सोडा. 100 मीटरवर गोळी चार सेंमी वर बसवली, की .243 ला 180 मीटरपर्यंत वर-खाली धरायची गरज पडत नाही. पण रो हरणाच्या छातीचं खात्रीचं लक्ष्य जेमतेम 15 सेंमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने 100-120 मीटरच्या पुढे चाप ओढू नये.

डोंगरावर चालताना, रांगताना, कुंपण ओलांडताना नळी रिकामी. ज्या रायफलींत अंगठ्याने स्प्रिंग ताणायची सोय आहे, त्या भरलेल्याही बऱ्याच सुरक्षित असतात, कारण ताणल्याशिवाय घोड्यात जोरच नसतो. तरी शेवटच्या जागेवर पडल्यावरच काडतूस घालणं बरं. बंद करताना खटकन आवाज होऊ देऊ नका: खटका अंगठ्याने धरून मिटवा आणि मग हळूच सोडा. स्प्रिंग ताणतानाही तसंच. रो हरणाचा कान या आवाजाला फार तिखट.

हरीण पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. गोळी सुटल्यावर डोळा स्कोपमध्येच ठेवायचा. ही रेंजवरची सवय मात्र जशीच्या तशी न्यावी. फुप्फुसात लागलं तर हरीण बहुधा उसळी मारून पळतं आणि थोड्या अंतरावर कोसळतं. पाठीची कमान करून सावकाश चालू लागलं तर गोळी पोटात गेलेली आहे. सापडलेलं रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट आणि हिरवट घाण मिसळलेली असेल तर परत फिरा, वाट बघा आणि माग काढणारा कुत्रा बोलवा.

दुसरं काडतूस खिशात ठेवलं तर ते वेळेवर सापडत नाही. डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेत बुडाच्या कडेशी धरा, किंवा दस्त्यावरच्या चामडी पट्टीत. मोडा, रिकामी पुंगळी बोटांनी काढा, नवं काडतूस सोडा, मिटवा: सरावलेल्या हाताला पाच सेकंदांच्या आत जमतं. बऱ्याच मोडणाऱ्या रायफली पुंगळी फेकत नाहीत, फक्त थोडी वर उचलतात, म्हणून जाड हातमोजे आडवे येतात. बुडाला कडा असलेलं काडतूस, म्हणजे 7x57R सारखं, इथे सोयीचं. खेचणी, म्हणजे पुंगळी वर उचलणारा भाग, त्याला सहज धरते. .243 ला कडा नसते आणि खेचणीतली छोटी स्प्रिंग चिखलाने जाम झाली की पुंगळी आतच राहते. दुसरी गोळी लागणार नाही असं वाटलं तरी भरायचीच, आणि हरीण पडलेलं दिसलं तरी लगेच उठायचं नाही.

तुमची स्वतःची रायफल विमानातून न्यायच्या फंदात पडू नका. ब्रिटनमध्ये 17 वर्षांवरच्या माणसाला खासगी जमिनीवर, रायफल देणाऱ्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हजेरीत, उसनी रायफल चालवता येते. इस्टेटची रायफल बहुधा बोल्टची असते, तेव्हा सिंगल शॉटच हवी असेल तर आधी विचारून ठेवा आणि जाण्याआधी तिच्यावर तीन गोळ्या कागदावर मारायचा आग्रह धरा. संध्याकाळी परत आल्यावर नळी पुसायची आठवण सगळ्यांना असते, बिजागरीची नसते. तिथला वाळूमिश्रित चिखल ब्रशने काढून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. कण तसाच राहिला तर मोडताना-मिटताना तो पृष्ठभाग खातो, आणि हळूहळू नळी मिटल्यावर डुगडुगायला लागते.