विंचुर्णीचे ॲडमिरल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी नौदलातल्या कारकिर्दीबद्दल लिहा, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. माझी कारकीर्द थोडक्यात सांगून होते. १९७९ साली आपल्या शाळेतून दहावी झालो, बारावीनंतर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत अभियांत्रिकीचं शिक्षण आणि पुढची सगळी नोकरी जहाजांच्या इंजिन रूममध्ये नाहीतर गोदीत. कमोडोर होऊन निवृत्त झालो आणि फलटणला परतलो. पण सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुलांपुढे ठेवावी अशी कारकीर्द माझी नाही. ती आहे आपल्याच तालुक्यात विंचुर्णीला येऊन राहिलेल्या व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांची.

त्यांच्या हाताखाली काम करण्याचा योग मला आला नाही. १९८३ मध्ये ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मी कॅडेट होतो. पण नौदलात त्यांचं नाव कानावर पडल्याशिवाय राहत नसे. १९२७ चा जन्म, सुरतेचा. इंग्लंडला डार्टमथच्या नाविक महाविद्यालयात शिक्षण. १९७१ च्या युद्धात ते बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’ या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे कप्तान होते. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करायची होती. समुद्रात पाणबुडीची भीती, किनाऱ्याजवळ सुरुंगांची. आमच्या ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडा गेलेला, तीन बॉयलरवर जहाज लढाईला नेलेलं. गतीच कमी असलेल्या विमानवाहू नौकेभोवती पाणबुडीविरोधी जहाजांनी पहारा देणं म्हणजे काय जोखीम असते, हे इंजिन रूममध्ये उभं राहिलेल्या माणसाला नीट कळतं. त्या युद्धातल्या कामगिरीसाठी आवटींना वीरचक्र मिळालं. पुढे एनडीएचे कमांडंटही ते झाले, आणि १९७८ मध्ये सेवेत असतानाच त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी उभी केली.

एवढी कारकीर्द पुरेशी होती. निवृत्तीनंतर शेतीवाडी बघत, मान घेत राहिले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. मला भारावून टाकतं ते त्यांचं विंचुर्णीतलं आयुष्य. त्यांच्या मनात एकच ध्यास होता: भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती ‘सुहैली’ नौका आपल्या मुंबईत बांधलेली. नौका बांधणारे हात आपले आणि खलाशी मात्र आपला नाही, ही खंत माझ्यासारख्यालाही बोचते. आवटींनी ती खंत दूर करण्यासाठी काम केलं. नौदलाने २००६ मध्ये होकार दिला, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

या प्रदक्षिणेचे नियम कडक. ज्या बंदरातून निघायचं तिथेच परत यायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. म्हणजे ऑस्ट्रेलियाचं केप लीउविन, दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप या टोकांना वळसा घालून दक्षिण महासागरातून जायलाच हवं. आपल्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर खडूने जगाचा नकाशा काढून ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ शिकवले होते ना, तेच दक्षिणेकडच्या चाळीस आणि पन्नास अक्षांशांमधले वारे. फलटण तालुक्यातल्या पोरांचा पाण्याशी संबंध नीरा उजव्या कालव्यात डुंबण्यापुरता, तरी सर ते वारे असे शिकवत की वर्गात कुणी हलत नसे. नौदलात गेल्यावर मला त्या तासाचं मोल उमगलं.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ५६ फुटांची नौका बांधली. मांडवी नदीच्या म्हादेई या नावावरून तिचं नाव ‘म्हादेई’. बांधकामावर स्वतः कमांडर दिलीप दोंदे लक्ष ठेवून होते. ज्या माणसाला एकट्याने दक्षिण महासागरात दुरुस्त्या करायच्या आहेत, त्याने नौकेचा प्रत्येक बोल्ट बसताना पाहिलेला असणं, ही मला या मोहिमेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. तिथे हाक मारली तर येणारा मेकॅनिक नसतो. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांना किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच नौकेतून निघाले आणि मार्च २०१३ अखेर, कुठेही न थांबता, परत आले. मग २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी. त्यांनाही शिकवणारे दोंदेच. आवटींनी लावलेलं हे रोप असं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती वाढत गेलं. तारिणी २१ मे २०१८ ला गोव्यात परतली, आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला वयाच्या ९१ व्या वर्षी ॲडमिरल विंचुर्णीत गेले. हे सारं त्यांना डोळ्यांनी पाहता आलं, याचा मला फार आनंद आहे.

यातल्या एकाही सफरीत सुकाणू त्यांच्या हातात नव्हतं. युद्धात जहाज चालवलेल्या माणसाने उतारवयात दुसऱ्याला समुद्रावर पाठवण्यासाठी पत्रं लिहावीत, पाठपुरावा करावा, माणसं हेरावीत, हे मला वीरचक्राइतकंच थोर वाटतं.

निवृत्तीनंतर मुंबईत खासगी नोकरी घ्यायची की इकडे यायचं, हे ठरवताना विंचुर्णी माझ्या डोळ्यांपुढे होती. आता शनिवारी सकाळी मी आपल्या शाळेत असतो. नववी-दहावीची मुलं बाकाच्या पायाला दोर लावून बोलाइनची गाठ शिकतात. कितीही ताण दिला तरी ती सरकत नाही आणि सोडायला मात्र सोपी. मग एनडीएच्या प्रवेश परीक्षेचं गणित. २०२२ पासून एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात दिलना आणि रूपा या नौदल अधिकारी दोघीच ‘तारिणी’वरून प्रदक्षिणा पुरी करून आल्या. तरी शनिवारच्या वर्गात मुली अजून मागच्या बाकावर दोघी-तिघीच दिसतात. ही स्मरणिका घरी वाचणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, मुलींना पाठवा. दोर, नकाशे आणि वह्या मी आणतो.