अॅम्बेसेडरचा चिकटलेला क्लच आणि गोठ्यातली काठी

गाडी सुरू झाली त्या दिवशी फक्त पेढे वाटायचे बाकी होते. धूर एवढा की गोठ्यातल्या कोंबड्या परसात पळाल्या, म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली, काकू पदर नाकाला लावून ओरडाय लागली, आणि मी आणि तात्या येड्यासारखं एकमेकांकडं बघून हसालोय. 15 वर्षांनी इंजिन बोललं होतं. मग मी क्लच दाबून गिअर टाकायला गेलो आणि कर्रर्रर्र. परत दाबला, परत कर्रर्र. तात्या म्हणाले, "अरे, गिअरचे दात मोजालास काय?"

तर गाडी सुरू होते पण चालत नाही, अशी ही गोष्ट. मागच्या पोस्टवर तिघा-चौघांनी विचारलं होतं की क्लच कसा सोडवला म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी आजोबांची, 1968 ची अॅम्बेसेडर मार्क टू. हिंदुस्थान मोटर्सची, बंगालात उत्तरपाड्याला बनलेली, मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं रूप, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढं सलग बाकासारखी सीट, त्यावर तीन माणसं आणि मांडीवर एक पोरगं आरामात. आजोबा कौलांच्या व्यवहारात होते, त्यामुळं खानापूर ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी, कधी कोल्हापूर असं त्यांचं सारखं फिरणं. ते गेले आणि गाडी गोठ्याच्या बाजूच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आमच्या खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, जूनला कपडे दोरीवर टाकले की सप्टेंबरात वाळतात असं काकू म्हणते आणि ती फार काही खोटं बोलत नाही. त्यात शेजारी गोठा, खाली ओली जमीन, गोमूत्राची वाफ. लोखंडाला आणखी काय पाहिजे गंजायला.

इंजिनचं मी थोडक्यात सांगतो कारण ते सोपं निघालं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, तीन दिवस तसंच ठेवलं, मग हँडल लावून हातानं हळूहळू फिरवलं. फिरलं. टाकी उतरवून धुतली, पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, पॉइंट घासले, नवी बॅटरी. झालं.

क्लचनं मात्र दीड महिना खाल्ला.

बेळगावात एक म्हातारे मिस्त्री आहेत, आजोबांची गाडी तेच बघायचे, आता गॅरेज बंद करून घरी असतात. त्यांना फोन लावला. म्हणाले, "इंजिन बंद असताना गिअर पडतोय?" पडतोय म्हटलं. "चालू केल्यावर?" ओरडतोय. "मग प्लेट चिकटलीय की. एक काम कर, प्लग काढ, सेकंड टाक, तात्याला क्लच दाबून बसव आणि तू पुढून हँडल फिरव. गाडी जागची हलली तर मला परत फोन कर."

हँडल फिरवलं. गाडी माझ्याच अंगावर इंच इंच सरकायला लागली. तात्या आत क्लचवर पाय ठेवून, दोन्ही हात वर करून "मी काय करत नाही हां" म्हणालेत. खरं तर क्लच दाबल्यावर इंजिन एकटं फिरायला पाहिजे, चाकांचा संबंधच तुटला पाहिजे. इथं क्लच दाबूनसुद्धा दोघं एकमेकांना धरूनच होते. (हे करताना प्लग काढलेलेच पाहिजेत, नाहीतर एखादा सिलिंडर पेटला तर तुम्ही भिंत आणि बंपरच्या मधे.)

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लच म्हणजे दोन तव्यांच्या मधे दाबून धरलेली भाकरी. खालचा तवा फ्लायव्हील, तो इंजिनबरोबर फिरतो. वरचा तवा प्रेशर प्लेट, त्याच्यामागं दणकट स्प्रिंगा. मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट, दोन्ही बाजूंनी लायनर (घासून धरणारं अस्तर) मारलेली, ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा वरचा तवा उचलला जातो आणि भाकरी मोकळी होते. आता गाडी वर्षानुवर्षं ओलीत उभी राहिली की बिडाच्या तव्यांना गंज चढतो, तो लायनरमध्ये घुसतो आणि भाकरी तव्याला धरते. वरचा तवा कितीही उचला, भाकरी काय सुटत नाही. कधी कधी शाफ्टच्या खाचांतपण गंज भरतो आणि प्लेट त्यावर सरकतच नाही, लक्षणं तीच.

रविवारी मिस्त्री स्वतःच आले, खानापूरपर्यंत पॅसेंजरनं आणि पुढं माझ्या स्कूटरवर. आल्या आल्या चहा नाही, पाणी नाही, आधी दार उघडून पेडलकडं बघितलं आणि म्हणाले, "काठी कुठाय?"

कुठली काठी?

आणि मला एकदम आठवलं. दर पावसाळ्यात, गाडी फारशी बाहेर काढायची नसायची तेव्हा, आजोबा क्लच पेडल पूर्ण दाबून त्याच्यावर एक काठी अडकवायचे. काठीचं एक टोक पेडलवर, दुसरं सीटच्या लोखंडी चौकटीला. आम्हा पोरांना वाटायचं हे चोरासाठी आहे. माझ्या चुलतभावानं तर शाळेत सांगितलं होतं की आमच्या गाडीला काठीचं कुलूप आहे. मिस्त्री हसले, "मीच सांगितलं होतं त्यांना. पेडल दाबून ठेवलं की प्लेट मोकळी ऱ्हाते, गंज आला तरी धरत नाही." म्हणजे आजोबा असेपर्यंत एवढ्या पावसात क्लच कधी चिकटला नाही तो ह्या काठीमुळं. ते गेल्यावर पुढच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायला लागली, तेव्हा गाडी झाडून काढताना कुणीतरी काठी काढली. कुणी ते अजून कबूल करत नाही.

काठी सापडली. गोठ्याच्या खिडकीची झडप वर धरून उभी होती, काकूनं तिथं लावलेली, इतकी वर्षं तिथंच. एका टोकाला चाकूनं पाडलेली खाच, तिचा कड झिजून गुळगुळीत झालेला, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा सुतळीनं बांधलेला, सीटला ओरखडा पडू नये म्हणून. गाडीत लावून बघितली तर जराही कमीजास्त नाही, खट्कन बसली. काकू म्हणाली, "आणि झडप?" मी तिथं वीट लावली.

मिस्त्री गाडीखाली झोपले आणि मला पेडल दाबाय लावलं. फोर्क, म्हणजे पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा दांडा, पूर्ण पुढं-मागं होत होता. म्हणजे पेडलपासून फोर्कपर्यंत सगळं ठीक, दोष आतच. हे तपासणं महत्त्वाचं आहे हं, कारण बऱ्याचदा लोक प्लेट चिकटली म्हणून गिअरबॉक्स उतरवतात आणि निघतं काय तर बाहेरचाच सांधा झिजलेला.

पहिला उपाय फुकटचा. काठी लावून पेडल दाबून ठेवायचं, रोज इंजिन अर्धा तास चालू करून चांगलं तापवायचं (पडवीतून बाहेर ओढून हां, बंद जागेत धुरानं माणूस मरतो), बंद केल्यावर लाकडी मोगरीनं क्लचच्या घराला बाहेरून बेतानं टकटक करायचं. तापून गार होताना लोखंड प्रसरण-आकुंचन पावतं आणि पुष्कळदा आपोआप सुटतं. आम्ही 12 दिवस केलं. दर संध्याकाळी मी टकटक करायचो आणि शेजारचे आबा कुंपणावरून विचारायचे, "उठली काय रे?" नाही उठली.

मधल्या काळात सल्ले. कोल्हापूरच्या एका मित्रानं सांगितलं फोर्कच्या रबरी बूटातून गंज सोडवायचं स्प्रे मार. गावातल्या एकानं सांगितलं डिझेल सोड. मिस्त्री फोनवर एवढे तापले की विचारू नका. लायनरला तेल लागलं की ते पिऊन घेतं, मग क्लच सुटेल पण आयुष्यभर घसरेल, शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आणि त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून आत काँप्रेसरची हवापण मारायची नाही, ती धूळ छातीत गेलेली वाईट.

दुसरी एक पद्धत आहे, मागची चाकं जॅकवर उचलायची, टॉप गिअरमध्ये गाडी सुरू करायची आणि क्लच दाबून कचकन ब्रेक मारायचा. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. "स्टँडवरनं उतरली तर म्हशीसकट सगळं घेऊन जाईल." त्यांनी हे तरुणपणी कुठंतरी केलेलं असणार असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं पण मी विचारलं नाही.

राहिला माळ, म्हणजे मोकळ्या जागेत गाडी चालवून झटक्यानं क्लच सोडवायचा. पण माळावर जायच्या आधी ब्रेक, कारण क्लच चिकटलेली गाडी थांबवायला फक्त ब्रेक आणि चावी, आणि क्लच सोडवायचा झटकासुद्धा ब्रेकच देणार. चाकांतले ब्रेकचे सिलिंडर सगळे जाम, ब्रेकचे रबरी पाइप तडकलेले. रबर किट काही बेळगावात मिळाले, काही कोल्हापूरहून आणले, दोन सिलिंडर उद्यमबागेत एका ओळखीच्याकडून साफ करून घेतले. यात आणखी तीन आठवडे गेले. मला सगळ्यात कंटाळा ह्याचाच आला, पण ब्रेकशिवाय ही पुढची गोष्ट कुणी करायला गेलं तर त्याची जबाबदारी माझी नाही.

जानेवारीतला रविवार, सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून न्यूट्रलमध्ये गाडी गावाबाहेरच्या माळावर ओढली. बघायला अर्धं गाव. मिस्त्रींनी सगळ्यांना बांधाच्या पलीकडं उभं केलं, गाडीत फक्त मी. इंजिन अर्धा तास तापवून बंद केलं. गाडीचं तोंड हलक्या उताराकडं, सेकंड टाकला, क्लच तळाला दाबला, स्टार्टर मारला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली, दुसरी मारली आणि इंजिन लागलं आणि मी क्लच दाबलेल्या गाडीत सेकंडमध्ये माळावरून चाललोय! फार विचित्र वाटतं, पाय सांगतोय सुटलंय आणि गाडी सांगतेय नाही.

अॅक्सिलेटर दाब, सोड, दाब, सोड. प्रत्येक वेळी गाडी पुढं ढकलली जाते आणि मागं ओढली जाते, तो पीळ थेट त्या चिकटलेल्या प्लेटवर येतो. मग क्लच तळाला ठेवूनच जोरात ब्रेक. गाडी थांबली आणि इंजिन मेलं. म्हणजे नाही सुटला. ट्रॅक्टरनं परत वर ओढा, परत तेच. तीनदा इंजिन मेलं. तिसऱ्या वेळेला तात्या लांबून टॉवेल हलवून बस्स कर म्हणून खुणा करालेले, पोरं कंटाळून क्रिकेट खेळायला लागलेली.

चौथ्या फेरीत ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली टक् असं काहीतरी झालं, आवाज म्हणावा तर तेवढा मोठा पण नाही, आडकित्त्यात सुपारी फुटते तसं. गाडी थांबली. आणि इंजिन चालूच. मला दोन सेकंद कळलंच नाही, मी ब्रेकवर उभा, क्लच तळाला, आणि पुढं इंजिन आपलं भकभक चालू. न्यूट्रल केलं, परत सेकंड टाकला. लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. मिस्त्री काही बोलले नाहीत, बांधावर बसून चंची काढून तंबाखू मळायला लागले.

सुटला म्हणजे संपलं असं नाही. पहिले काही दिवस गाडी उचलताना थरथरायची, गंज घासून निघेपर्यंत तसं होतं. न्यूट्रलमध्ये पेडल शंभरदा दाब-सोड केलं असेल. मग जांबोटी रोडच्या चढावर टॉपमध्ये रेस करून बघितलं, इंजिनचा आवाज वाढला आणि स्पीड नाही वाढला तर क्लच घसरतोय, लायनर फाटलाय. आपला नाही घसरला. फाटला असता तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता पुढचं काम कागदपत्रांचं, 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो आणि नव्यानं नोंदवली तर व्हीए अक्षरांचा मिळतो, ते बघायचंय. मूळ रूप फार बदललेलं चालत नाही म्हणे, तर नशीब की आमच्या तात्यांना ती लाल रंगवायची होती ते मी होऊ दिलं नाही.

काठी आता गाडीतच ठेवलीय. परवा तात्यांनी जून यायच्या आत आणखी एक करून ठेवूया म्हणून सागाची फळी आणली, खाच पाडायला बसले, माप घेताना पेडलपासून सीटऐवजी पेडलपासून दारापर्यंत घेतलं आणि काठी वीतभर लांब झाली. काकूनं ती लगेच उचलली. झडप परत काठीवर उभी आहे.