वधूपक्षाच्या खोलीपर्यंत एकटीने नेता येईल अशी मेकअपची पेटी

मेकअपचा अभ्यासक्रम पूर्ण करून लग्नाची पहिली ऑर्डर मिळालेल्या मुली माझ्याकडे बहुधा पेटीत काय काय असावे याची यादी मागतात. यादी देण्याआधी मी त्यांना विचारते, की ज्या मंगल कार्यालयात जायचे आहे तेथे वधूपक्षाची खोली कितव्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट आहे का. आपल्याकडच्या जुन्या कार्यालयांत ही खोली अनेकदा वरच्या मजल्यावर असते, जिना अरुंद असतो आणि सकाळचा मुहूर्त असला की पहाटे पाचला सामान उचलायला हात लावणारे कोणी जागे नसते. नव्या कलाकाराला सहायक परवडत नाही, आणि रिक्षा किंवा स्वतःची स्कूटर हेच तिचे वाहन असते. म्हणून पेटीत काय घालायचे हे ठरवण्यापूर्वी आपण किती वजन एका हाताने दोन मजले चढवू शकतो हे ठरवावे. रिकामी असतानाच जड वाटणारी, खणाखणांची अॅल्युमिनियमची पेटी छायाचित्रात फार व्यावसायिक दिसते. मी मात्र नवख्या मुलींना चाके असलेली मऊ बॅग आणि तिच्यात पारदर्शक चेनचे पाऊच एवढेच सुचवते. पाऊच मेकअपच्या क्रमाने भरले, म्हणजे त्वचेची तयारी, बेस (त्वचेचा रंग एकसारखा करणारा फाउंडेशनचा थर), डोळे, ओठ आणि शेवटी केस व साडी असे, तर खोलीत टेबल नसले तरी एकेक पाऊच गुडघ्यावर उघडून काम करता येते.

पैशाची वाटणी हा पुढचा प्रश्न. बहुतेक मुलींची पहिली खरेदी चाळीस-पन्नास रंगांच्या आयशॅडो पॅलेटची असते, आणि त्यातले निळे, हिरवे, जांभळे चौकोन वर्षभर तसेच्या तसे राहतात. माझ्या मते पहिल्या खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम बेसवर आणि ब्रशांवर जावी. वधूला डोळ्यांचा रंग किंचित कमी आवडला तर ती बोलून दाखवते आणि तो बदलता येतो. पण चेहरा मानेहून वेगळा दिसला तर ते सगळ्या अल्बमभर दिसत राहते.

फाउंडेशनच्या पंधरा बाटल्या नेण्याची गरज नसते. उजळ, गव्हाळ, सावळी आणि गडद अशा चार छटा, सोबत पिवळा, नारिंगी आणि पांढरा असे मिसळायचे रंग, स्टीलची छोटी ताटली आणि स्पॅट्युला एवढ्यावर महाराष्ट्रात भेटणाऱ्या बहुतेक चेहऱ्यांना जुळेल असा रंग तयार होतो. आपल्याकडच्या त्वचेत पिवळसर किंवा हिरवट झाक पुष्कळदा असते, त्यामुळे गुलाबी झाकेचे फाउंडेशन चेहऱ्यावर राखेसारखे दिसते. छटा निवडताना ती किती उजळ आहे यापेक्षा तिची झाक कोणती आहे हे आधी पाहावे. डोळ्यांखालच्या काळसर-निळसर वर्तुळांवर थेट उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारे दाट क्रीम, लावला की तो भाग करडा होतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो, म्हणून नको असलेला रंग मारणाऱ्या नारिंगी क्रीमचा, म्हणजे करेक्टरचा, अगदी पातळ थर आधी द्यावा. बर्लिनमध्ये १९४५ साली सुरू झालेल्या क्रायोलान या कंपनीच्या पेंट स्टिक, म्हणजे कांडीच्या रूपातला दाट बेस, लग्नाचा मेकअप करणाऱ्यांच्या हातात सर्रास दिसतात, त्याचे कारण हेच की त्यांत रंगद्रव्य भरपूर असते आणि थोडक्यात काम भागते. काड्या आकाराने लहान असल्याने चार छटा मुठीत मावतात. मात्र हा बेस तेलकट असतो. पावडरने नीट बसवला नाही तर मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात तो मंगलाष्टके संपेपर्यंत टिकत नाही.

येथे हळदीचा विषय आलाच पाहिजे, कारण कोणत्याही परदेशी व्हिडिओत तो सापडत नाही. ट्रायल मेकअप लग्नाच्या काही आठवडे आधी होतो आणि हळद बहुधा आदल्या दिवशी लागते. ट्रायलच्या वेळी अचूक जुळलेली छटा लग्नाच्या सकाळी चेहऱ्यावर परकी दिसते, कारण चेहरा, मान आणि कानांमागचा भाग पिवळा झालेला असतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे पुन्हा पुन्हा साबणाने तोंड धुऊन वधूची त्वचा कोरडी पडते आणि पिवळेपणा मात्र बराचसा तसाच राहतो. क्लिन्झिंग ऑइलची छोटी बाटली पेटीत ठेवावी, कापसावर घेऊन हलक्या हाताने दोनदा पुसावे, मगच नेहमीचा फेसवॉश वापरायला सांगावे. तरीही थोडा पिवळेपणा राहतोच, आणि तेव्हा ताटलीतल्या मिश्रणात पिवळ्याचा अंश वाढवून चेहरा मानेशी जुळवणे हा सर्वांत सरळ मार्ग असतो. मिसळायचे रंग सोबत ठेवण्याचे एवढे एक कारणही मला पुरेसे वाटते.

पावडर घेताना फ्लॅशचा विचार करावा. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेली पांढरी सैल पावडर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पिठासारखी पांढरी उमटते. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन आणि बेसही असाच घोटाळा करू शकतात. दुकानातून नवीन वस्तू आणली की ती हाताच्या मागच्या बाजूला लावून अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश टाकून एक फोटो काढावा आणि मगच तिला पेटीत जागा द्यावी.

ब्रशांच्या बाबतीत संख्येचा सोस नको. बेससाठी एक दाट ब्रश, कन्सीलरसाठी एक छोटा, पावडर आणि ब्लशसाठी एकेक, डोळ्यांसाठी चार-पाच, ओठांसाठी एक, शिवाय स्पंज, एवढा एक संच, आणि परवडेल तेव्हा तसाच दुसरा. दुसरा संच महत्त्वाचा आहे, कारण वधूनंतर आई, करवली, आत्या अशा रांगेत मध्येच ब्रश धुऊन वाळवायला वेळ मिळत नाही. क्रीमसाठी कृत्रिम केसांचे ब्रश घ्यावेत. ते लवकर स्वच्छ होतात आणि लवकर वाळतात. धुतल्यावर ब्रश उभे ठेवू नयेत, आडवे वाळवावेत, नाहीतर पाणी धातूच्या पट्टीत उतरून डिंक सुटतो आणि केस गळू लागतात.

स्वच्छतेच्या सामानात काटकसर करणाऱ्या कलाकाराकडे मी स्वतः चेहरा देणार नाही. ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेच्या बाटलीत असावे. ९९ टक्क्यांचे अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण ते इतक्या चटकन उडून जाते की जंतूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. ७० टक्क्यांच्या द्रावणातले पाणी त्याला थांबवते आणि आत शिरायलाही मदत करते. ताटली, स्पॅट्युला, शार्पनर आणि पावडरच्या वड्यांचा पृष्ठभाग त्याने फवारून घ्यावा, पेन्सिल प्रत्येक चेहऱ्यानंतर तासावी. लिपस्टिक कांडीवरून थेट ओठांना लावू नये. तिचे तुकडे रिकाम्या पॅलेटमध्ये वितळवून ठेवले तर डझनभर छटा एका पातळ डबीत येतात आणि स्पॅट्युलाने घेता येतात. वजन कमी करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मस्काऱ्यासाठी एकदाच वापरून टाकायच्या कांड्यांचे पाकीट ठेवावे, वापरलेली कांडी पुन्हा नळीत घालू नये आणि उघडलेली नळी तीन ते सहा महिन्यांत बदलावी. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते तेव्हा हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या कलाकारांतला फरक करवल्यांच्या डोळ्यांत दिसतो. पापण्यांच्या डिंकात लॅटेक्स असेल तर काहींना त्याची अॅलर्जी असते, त्यामुळे लॅटेक्स नसलेला डिंक घ्यावा आणि ट्रायलच्या दिवशी थोडासा कानामागे लावून पाहावा. अल्कोहोलबाबत आणखी एक: वधूच्या खोलीत समई किंवा उदबत्ती हमखास तेवत असते, आणि हे द्रावण पेट घेते. फवारणी करण्याआधी खोलीभर एकदा नजर फिरवावी.

मोठ्या बाटल्यांतले द्रव लहान, स्वच्छ बाटल्यांत काढून न्यावे, पण काही आठवडे पुरेल एवढेच. बाटलीवर वस्तूचे नाव, छटेचा क्रमांक आणि मूळ बाटली उघडल्याची तारीख लिहावी, आणि मूळ वेष्टणाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे कोणाला पुरळ उठलेच तर त्यात काय होते हे डॉक्टरांना दाखवता येते. वेष्टणावर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरण्याजोगी असते. दाबून बसवलेल्या पावडरच्या डबीत कापसाची चकती ठेवली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर वडी फुटत नाही. उन्हाळ्यात बॅग गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

उजेडाचे सामान अनेकजणी पुढच्या वर्षावर ढकलतात, आणि मला ते पटत नाही. खोलीतल्या पिवळ्या बल्बाखाली केलेला मेकअप मांडवात उघड्यावर भडक दिसतो. ५५०० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेला एक छोटा एलईडी दिवा, घडीचा स्टँड आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, एवढे पहिल्या खरेदीतच बसवावे. कार्यालयातला एकमेव प्लग नेमका कपाटामागे असतो.

केसांचे आणि साडीचे सामान वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त असते, त्यावर फार लिहिण्याची गरज नाही: बॉबी पिना, यू पिना, लहान-मोठ्या सेफ्टी पिना, हेअर स्प्रे, सुई-दोरा, चंद्रकोर टिकल्यांचे एक पाकीट, आणि मुंडावळ्यांचा दोरा घट्ट झाला तर तो सोडवून पुन्हा बांधण्यासाठी लहान कात्री. नथ घातल्यावर नाकाभोवतीचा बेस हमखास पुसला जातो, म्हणून कन्सीलर आणि छोटा ब्रश शेवटपर्यंत हाताशी ठेवावा.

खरेदी तुळशीच्या लग्नाच्या आधी आटोपलेली बरी, कारण एकदा मुहूर्त सुरू झाले की लोकप्रिय छटा दुकानांतून संपतात. पुण्यात रविवार पेठ आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर पिना, स्पंज, रिकामी पॅलेट, कांड्या अशा सामानासाठी उत्तम आहे. बेस आणि डोळ्यांच्या वस्तू मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि पावतीसह घ्याव्यात. आयात केलेल्या प्रसाधनाच्या वेष्टणावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. तो नसेल आणि किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी असेल, तर ती वस्तू परत ठेवून त्या पैशात ब्रशांचा दुसरा संच घ्यावा.